सतरा टक्के मशीनचे

आधीच सांगून टाकते. मी कॉन्व्हेंटची. 'एकोणसाठ' म्हणजे फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन, हे अजूनही मी मनातल्या मनात एकदा चेक करते. त्यामुळे मॅडमनी मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मला हसूच आलं. मग म्हटलं, एक गोष्ट आहे जी मला मराठीतच सांगता येईल, कारण ती घडलीच मराठीत. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तेवढ्या पोटात घाला.

तर मित्रांनो, ही गोष्ट माझ्या पोपटाची आहे. पिंजऱ्यातल्या नाही, झाला त्या.

गेल्या वर्षी आपल्या फेस्टमध्ये 'रेट्रो गेमिंग' नावाची स्पर्धा होती. गेम : सुपर मारिओ. तीन जीव, जो सगळ्यात पुढे जाईल तो जिंकला. एंट्री फी ५० रुपये. बोर्डावर नावं लागली, बत्तीस. त्यात मुलगी एकच. अस्मादिक! होस्टेलवर मी आठवडाभर सांगत होते की मारिओ मी झोपेत खेळते. खोटं नव्हतं ते. लहानपणी कराडच्या आमच्या घरी मी पहिली लेव्हल पाठ फिरवून, नुसत्या आवाजावर पार करून दाखवायचे. पाहुणे आले की आई हा कार्यक्रम ठेवायची. इतर मुली गाणं म्हणून दाखवतात, मी मारिओ!

माझा नंबर आला. लॅपटॉप, प्रोजेक्टर, समोर निम्मं सेकंड इयर. पहिल्या तपकिरी राक्षसावर (आमच्या घरी त्याचं नाव 'बटाटा') उडी मारायला गेले आणि त्यालाच धडकले. एक जीव गेला. लोक हसले, मीही हसले. दुसऱ्या जीवात चार पाइप ओलांडून पहिल्या खड्ड्याशी आले. बटण दाबलं आणि सरळ खड्ड्यात. तिसऱ्या जीवात पुन्हा तोच खड्डा. एकूण वेळ सव्वा मिनिटसुद्धा नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "कँडी क्रश पलीकडच्या हॉलमध्ये आहे." हॉल हसला. ह्या वेळी मी हसले नाही.

हरल्याचं वाईट वाटलं नाही, असं लिहिलं तर चांगलं दिसेल. पण वाटलं. आणि त्याहून वाईट हे की हरायचं कारणच कळत नव्हतं. हात थरथरत नव्हते. बटण मी बरोबर वेळेला दाबलं होतं, ह्याची मला शपथेवर खात्री होती. पण 'मी बरोबर दाबलं होतं' हे वाक्य जगातला प्रत्येक हरलेला माणूस म्हणतो. त्यामुळे कोणाला काही बोलले नाही. रूमवर येऊन झोपले.

मे महिन्याच्या सुट्टीत घरी गेले तर आईने माळा साफ करायला काढला होता. आम्ही नव्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार होतो आणि आईचं धोरण स्पष्ट होतं : जे दोन वर्षांत लागलं नाही ते भंगारात. त्या ढिगाऱ्यात आमचा एकवीस इंची डबडा टीव्ही होता, आणि त्याच्या डोक्यावर प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला व्हिडिओ गेम. दोन रिमोट, एक अ‍ॅडॉप्टर, पिवळ्या-पांढऱ्या पिनांची वायर आणि '९९९९ इन १' लिहिलेली पिवळी कॅसेट. (गेम त्यात मोजून वीस-पंचवीस, बाकी सगळी तीच नावं फिरवून फिरवून.)

हा गेम खरं तर दादाचा. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. २००६ च्या दिवाळीत बाबांनी त्याला आणून दिला तेव्हा मी रांगत होते. पुढे तो मला शेजारी बसवून दुसरा रिमोट हातात द्यायचा, ज्याची वायर जोडलेलीच नसायची! मी सहा वर्षांची होईपर्यंत मला वाटायचं की तो लुइजी मीच चालवतेय. असो. खड्ड्यावरून उडी कधी मारायची हे त्यानेच शिकवलं : "गाण्याकडे लक्ष दे चिमणे, गाणं सांगतं." २०२२ मध्ये तो नोकरीसाठी जपानला गेला, ओसाकाला. तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे रविवारचा व्हिडिओ कॉल. जेवलास का, जेवलीस का, थंडी आहे का, नेट गेलं.

आईला म्हटलं, "रविवारपर्यंत थांब. भंगारवाल्याला सोमवारी बोलाव. दादासाठी ह्याचं एकदा रेकॉर्डिंग करते." आई म्हणाली, "त्या पोराला आहे का वेळ बघायला?" पण थांबली.

टीव्ही लागला. एक मिनिट नुसती गरम झालेल्या धुळीचा वास. मग निळं आकाश आलं, गाणं सुरू झालं आणि माझे हात आपोआप चालायला लागले. बटाटा मेला. चार पाइप. खड्डा. पार! पहिल्या झटक्यात १-१, १-२, आणि १-४ चा किल्लासुद्धा. कॉलेजात जिने सव्वा मिनिटात तीन जीव घालवले तीच मी. मग लॅपटॉप उघडला आणि तोच गेम एम्युलेटरवर लावला. पहिल्याच खड्ड्यात धप्प.

इथे माझ्यातली इंजिनीअर जागी झाली. (वर्षातून एक-दोनदा होते.) दोन्हीकडे गेम तोच, बोटं तीच. मग फरक कुठे?

मारिओच्या पडद्यावर उजवीकडे वर टाइम असतो, ४०० पासून उलटा मोजत जाणारा. मी दोन्हीकडे लेव्हल सुरू केली, मारिओला एका सुरक्षित जागी नुसता उभा केला आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं. लॅपटॉपवरचा मारिओ वेळ संपून मेला तेव्हा साधारण १६० सेकंद झाले होते. टीव्हीवरच्याला मरायला लागले १९२. पुन्हा केलं. पुन्हा १६० आणि १९२. १६० ला १९२ ने भागा : ०.८३. म्हणजे माझ्या लहानपणीचा मारिओ खऱ्या मारिओपेक्षा सतरा टक्के हळू पळत होता, आणि हे मला वीस वर्षं कोणी सांगितलं नव्हतं!

०.८३ हा आकडा ओळखीचा वाटतो ना? पन्नास भागिले साठ.

आता थोडं शास्त्र. कंटाळा आला तर पुढचे दोन-चार परिच्छेद सोडा, पण सोडू नका, कारण गंमत इथेच आहे.

टीव्ही जन्माला आला तेव्हा पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा आखायचं हे विजेच्या तारेने ठरवलं. चित्राचा वेग आणि विजेची फ्रीक्वेन्सी जुळली नाही तर पडद्यावर पट्टे सरकायला लागायचे. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झ, म्हणून तिथे सेकंदाला ६० फील्ड. युरोपात ५०, म्हणून तिथे ५०. अमेरिकेची पद्धत एनटीएससी, ५२५ रेषांची. १९५३ मध्ये तिच्यात रंग घातले तेव्हा रंगाचा आणि आवाजाचा सिग्नल एकमेकांच्या पायात येऊ नये म्हणून ६० चे ५९.९४ झाले. तिचे रंग असे बिघडायचे की इंजिनीअर लोक 'नेव्हर द सेम कलर' म्हणून तिची टिंगल करायचे. त्यावर उपाय म्हणून जर्मनीत टेलिफंकन कंपनीच्या वॉल्टर ब्रुख ह्यांनी पॅल काढली : ६२५ रेषा, ५० फील्ड, आणि एक रेष सोडून एका रेषेत रंगाची फेज उलटी, म्हणजे चुका आपोआप एकमेकींना खाऊन टाकतात. भारताची वीज ५० हर्ट्झची. १९८२ च्या एशियाडच्या वर्षी दूरदर्शन रंगीत झालं ते पॅलमध्येच. जपानने मात्र अमेरिकेची एनटीएससी घेतली. गंमत बघा, टोकियोत वीज ५० हर्ट्झ आणि ओसाकात ६०, पण टीव्ही दोन्हीकडे ६० चाच.

आणि मारिओ जपानी. ज्या फॅमिकॉम यंत्रावर तो आला ते जुलै १९८३ चं, मारिओ सप्टेंबर १९८५ चा. त्या यंत्रातला प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा. एवढ्याशा जीवावर वेगळं घड्याळ वगैरे चैन परवडणार कशी? म्हणून एक सोपी युक्ती होती. एक चित्र आखून झालं की चित्राची चिप प्रोसेसरला इंटरप्ट देते, शाळेच्या घंटेसारखा. घंटा वाजली की गेम एक पाऊल पुढे. पूर्ण वेगात पळणारा मारिओ दर घंटेला अडीच पिक्सेल सरकतो. दर २४ घंटांनी टाइममधला एक आकडा कमी होतो. मारिओच्या हातात घड्याळच नाही. तो टीव्हीचे ठोके मोजतो. सेकंदाला ६० ठोके मिळाले तर तो १५० पिक्सेल पळतो, ५० मिळाले तर १२५. आता ४०० ला २४ ने गुणा आणि ६० ने भागा : १६०. ५० ने भागा : १९२. माझं स्टॉपवॉच बरोबर होतं!

म्हणजे खड्डा तेवढाच, उडी तेवढीच लांब. फक्त कॉलेजातला मारिओ माझ्या बोटांच्या आधी खड्ड्याशी पोचत होता. बटण मी 'बरोबर वेळेला' दाबलं होतं, पण ती वेळ कराडची होती.

गंमत म्हणजे सिनेमाचं नेमकं उलटं व्हायचं. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. पॅलवाल्यांनी तो सरळ २५ ने पळवला. अडीच तासांचा सिनेमा सहा मिनिटं आधी संपायचा आणि कोणाची तक्रार नसायची. थोडक्यात, ५० हर्ट्झच्या देशात हीरो घाईत आणि मारिओ निवांत.

हे दुखणं एकट्या भारताचं नव्हतं. अख्खा युरोप हेच भोगत होता. मारिओचा १९८७ चा युरोपीय अवतार काढताना निंटेंडोने निदान कोडमधले वेगाचे आकडे बदलून घेतले. १९९१ च्या पहिल्या सॉनिकच्या बाबतीत तेवढंही झालं नाही. ज्याची सगळी जाहिरात वेगावर, तो निळा पोरगा युरोपात सतरा टक्के हळू पळाला! १९९८ चा झेल्डा अमेरिकेत सेकंदाला २० फ्रेम दाखवायचा, युरोपात १६.७. पुढे १९९९ मध्ये ड्रीमकास्ट युरोपात आला आणि त्याचे कितीतरी गेम सुरू होताना विचारायला लागले, ५० हवेत की ६०? मग एचडीएमआय आलं आणि भांडणच मिटलं.

आमच्या कॅसेटमध्ये मात्र जपानी-अमेरिकन कोड जसाच्या तसा कॉपी मारलेला. त्याला बिचाऱ्याला कोणी सांगितलंच नव्हतं की तो आता कराडात आहे.

एक शंका राहिली होती. मी एम्युलेटरमध्ये जाऊन एनटीएससीच्या जागी पॅल निवडलं. वेग तर हळू झाला, पण गाणं सर्दी झाल्यासारखं वाजायला लागलं. आमच्या टीव्हीवर गाणं संथ होतं, पण सूर खाली नव्हता. मग यादीत तिसरा पर्याय दिसला : डेंडी. हे काय नवीन? तो निवडला आणि अंगावर काटा आला. हुबेहूब आमचं घर!

डेंडी हे १९९२ पासून रशियात विकल्या गेलेल्या एका नकली फॅमिकॉमचं नाव. तैवानी चिपांवर बनलेलं. आता हिशोब बघा, आपल्या सिलॅबसमध्ये शोभेल असा आहे. अमेरिकन यंत्राचं मुख्य क्रिस्टल २१.४७७ मेगाहर्ट्झ, भागिले १२ म्हणजे १.७९०. युरोपचं २६.६०२, भागिले १६ म्हणजे १.६६३, म्हणजेच सात टक्के कमी. सूर प्रोसेसरच्या घड्याळातून निघतो, म्हणून तिथे गाणं अर्ध्या सुराहून जास्त खाली जातं. नकली यंत्र बनवणाऱ्याने तेच २६.६०२ घेतलं आणि भागलं १५ ने : १.७७३. फरक एक टक्कासुद्धा नाही, सूर जवळपास जागेवर! पुढची हुशारी तर अजून भारी. पॅलच्या चित्रात ३१२ रेषा, एनटीएससीच्या २६२. ह्या जास्तीच्या ५० रेषांचं करायचं काय? तर चित्र आखून झाल्यावर हे यंत्र ५० रेषांचा वेळ नुसतं स्वस्थ बसतं आणि मग घंटा वाजवतं. त्यामुळे घंटेपासून पुढचं सगळं गणित मूळ यंत्रासारखंच राहतं आणि गेम गंडत नाहीत. आमच्या मशीनच्या पोटात तर नुसता काळा डांबरासारखा ठिपका आहे, चिपचं नावगाव काही नाही. पण कानांनी साक्ष दिली की हे त्याच घराण्यातलं. आपण ज्याला 'डुप्लिकेट माल' म्हणून नाक मुरडतो, त्यात कोणीतरी इतका विचार केला होता.

हे सगळं शुक्रवारी रात्रीपर्यंत. राहिलं रेकॉर्डिंग, आणि हातात दोन दिवस.

पहिला प्रयत्न मोबाइलचा. टीव्हीसमोर धरला तर चित्रभर काळे पट्टे सरकतायत. कॅमेऱ्याचे ३० आणि टीव्हीचे ५० जुळणार कसे? मग शनिवारी सकाळी बाजारातून स्वस्तातला यूएसबी कॅप्चर डोंगल आणला. लॅपटॉपवर बघत खेळायचं म्हटलं तर चित्र उशिरा यायचं, म्हणून पिवळ्या पिनेला दोन फाटे फोडणारा जोड घेतला. एक फाटा टीव्हीला, एक लॅपटॉपला. दोन्हीकडे चित्र अंधारं! साहजिक आहे. एका ७५ ओहमसाठी असलेल्या सिग्नलला दोन ७५ ओहम जोडले की तो दोन तृतीयांशावर येतो. हे मी परीक्षेत लिहिलंय, मार्कही मिळालेत, पण डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

डोंगलची सेटिंग आधीपासून एनटीएससीवर होती. चित्र काळं-पांढरं आणि सारखं सरकणारं. पॅल केल्यावर स्थिर झालं, रंग आले. मी रेकॉर्ड केलं, बघितलं, तर पळताना मारिओच्या कडांना कंगव्यासारखे दात! हे का होतं ते कळायला दुपार गेली. टीव्हीचं एक चित्र दोन फील्डचं असतं, एकात विषम रेषा, एकात सम. प्रत्येक फील्ड साडेतीनशे-बिडेतीनशे नाही, नेमक्या साडेतीनशे बारा, माफ करा, तीनशे साडेबारा रेषांचं. (बघा, मराठी आकडे!) त्या अर्ध्या रेषेमुळे दुसरं फील्ड पहिल्याच्या फटींत जाऊन बसतं. गेमचं यंत्र ती अर्धी रेष पाठवतच नाही. ते ३१२ ची पूर्ण चित्रं पाठवतं, सेकंदाला ५०, प्रत्येक वेगळं. डोंगलला हे माहीत नाही. तो दोन वेगळी चित्रं एकमेकांत विणून २५ करतो, म्हणून कंगवा.

मग मी दोनपैकी एक फील्ड फेकून द्यायला सांगितलं. कंगवा गेला, चित्र स्वच्छ. आणि एका जागी मारिओला बटाटा चावला तर मारिओ गायबच! मोठा मारिओ मार खाल्ल्यावर काही वेळ लुकलुकतो ना, तो लुकलुकतो म्हणजे काय, तर एका फ्रेममध्ये दिसतो आणि पुढच्या फ्रेममध्ये दिसत नाही. मी नेमक्या दिसणाऱ्या फ्रेम फेकल्या होत्या. पडद्यावर नुसते ढग, बटाटे आणि गाणं, मारिओ अदृश्य. रेकॉर्डिंग म्हणजे जे घडलं ते जसंच्या तसं, असं मला वाटायचं. ते तसं नसतं. कुठली फ्रेम ठेवायची हे आधी कोणीतरी ठरवलेलं असतं.

उपाय रविवारी सकाळी सापडला आणि मी कपाळावर हात मारला. ओबीएसच्या डीइंटरलेसच्या यादीत, फेकून द्या च्या लगेच खाली, 'रेट्रो' नावाचा पर्याय आहे. तो दोन्ही फील्ड वेगळी करून एकामागून एक दाखवतो. आदल्या दिवशी मी त्याला काहीतरी शोभेचा इफेक्ट समजून सोडलं होतं. रेकॉर्डिंगचा वेग ६० ठेवला तर दर पाच फ्रेमनंतर एक फ्रेम दोनदा येऊन मारिओ अडखळत होता, म्हणून तो हाताने ५० केला. झालं! मारिओ लुकलुकला, गाणं संथ वाजलं, कंगवा नाही, झटके नाहीत.

रविवारी दुपारी दादाला व्हिडिओ पाठवला. काही लिहिलं नाही. जेवलास का सुद्धा नाही.

पाच मिनिटांत त्याचा फोन. रविवारचा कॉल नेहमी रात्री असतो. म्हणाला, "हे गाणं तुला कुठे मिळालं?"

"कुठे म्हणजे? आपल्या टीव्हीवरून."

"अगं, यूट्यूबवर सगळीकडे हे घाईत वाजतं. मला वाटायचं माझ्याच लक्षात चुकीचं राहिलंय." मग थोडा थांबून म्हणाला, "तुला एक सांगू? हसू नकोस. इथे ओसाकात निप्पोम्बाशीला जुन्या गेमची दुकानं आहेत. एकात खरा फॅमिकॉम टीव्हीला जोडून ठेवला होता. माझ्याबरोबर ऑफिसची पोरं होती. मोठ्या ऐटीत रिमोट घेतला आणि..."

"पहिल्या खड्ड्यात पडलास."

"तुला कसं कळलं?"

मी हसायला लागले ते थांबेचना. मग त्याला सगळं सांगितलं, फेस्ट, कँडी क्रश, १६०, १९२, घंटा, डांबराचा ठिपका. तो म्हणाला, "चिमणे, मी त्या दिवशी रूमवर येऊन विचार करत बसलो होतो की आपलं वय झालं. अठ्ठाविसाव्या वर्षी! चष्म्याचा नंबरसुद्धा तपासून घेतला." त्याने हे घरी कोणालाच सांगितलं नव्हतं. मीही नव्हतं सांगितलं. दोघंही एकाच खड्ड्यात पडलो होतो आणि दोघांनीही आपलाच दोष समजून तोंड बंद ठेवलं होतं. त्या दिवशी आम्ही दीड तास बोललो. थंडीचा विषय निघाला नाही.

सोमवारी भंगारवाला आला. टीव्हीचे दीडशे रुपये दिले. आईने ते माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "घे, तुझ्या प्रयोगशाळेला अनुदान." गेमचं यंत्र मात्र तिने स्वतःच जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून सामानात भरलं. दोन वर्षांचा नियम त्याला लागू झाला नाही.

आता शेवट. ह्या वर्षीच्या फेस्टमध्ये मी पुन्हा नाव दिलं. एक महिना आधीपासून रोज रात्री ६० हर्ट्झवर सराव केला. पहिला आठवडा बोटं ऐकतच नव्हती, मग हळूहळू ऐकायला लागली. ह्या वेळी नावांत मुली चार होत्या. खड्डा पार झाला, पहिला वर्ल्ड पार झाला, दुसराही. सेमी फायनलला ३-१ मध्ये मी हरले, सेकंड इयरच्या एका मुलाकडून. आधी मनात आलं, कंट्रोलरचं बटण अडकलं असेल का, प्रोजेक्टरचा उशीर असेल का? मग त्याचा खेळ नीट बघितला. तो खरंच माझ्यापेक्षा चांगला खेळत होता. त्याला जाऊन सांगितलं तसं.

म्हणजे हिशोब असा. गेल्या वर्षीच्या हारीतले सतरा टक्के मशीनचे, बाकीचे माझे. आणि ह्या वर्षीचे शंभरच्या शंभर माझे. पण हे मला आता मोजून माहीत आहे. न मोजता सगळा दोष मशीनला देणं सोपं असतं, आणि न मोजता सगळा स्वतःकडे घेणंही तितकंच सोपं. दोन्हीत स्टॉपवॉच काढायचा कंटाळा तेवढा असतो.

हा लेख मी आधी इंग्रजीत लिहायला घेतला होता. पाऊण तासात झाला असता. मराठीत मला चार रात्री लागल्या. चालायचंच. गाणं संथ झालं, तरी सूर जागेवर असला म्हणजे मिळवली.

(तिसरे वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन)